गावात राहून स्वतःचं खाणं पिकवणं, पाळणं आणि पकडणं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न (कोकणापुरते)

आम्ही मुंबई सोडून कुडाळकडच्या घरी कायमचे राहायला आलो तेव्हापासून ओळखीतले, ओळखीच्या ओळखीतले लोक तेच तेच प्रश्न पाठवतायत. प्रत्येकाला वेगळं उत्तर लिहिण्यापेक्षा एकत्र लिहून ठेवलंय. सगळं सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या पावसाला आणि लाल मातीला धरून आहे, घाटावर किंवा विदर्भात बरंच वेगळं असेल.

१. सुरुवात कशापासून करू? आधी भाजी की आधी कोंबड्या?

आधी हे ठरवा की घरात रोज कोण असणार आहे. जमीन किती, पैसे किती हे नंतर. संध्याकाळी कोंबड्या डालायला (खुराड्यात कोंडायला) माणूस लागतो, शेळीला सणावारीही चारा लागतो, वेलीला मांडव वेळेवर लागतो. रोज घरात कोणी असेल तर पहिल्या पावसात फक्त भाजी लावा आणि दिवाळीनंतर चार कोंबड्या आणा. एकदम सगळं सुरू केलेली तीन घरं मी पाहिलीत, तिघांचीही खुराडी दुसऱ्या वर्षी रिकामी होती. शनिवार-रविवारपुरतेच येणार असाल तर सरळ प्रश्न १८ वाचा.

२. चार माणसांना वर्षभर पुरेल एवढं पिकवायला जमीन किती लागते?

भाजीला फार नाही लागत, दोन-तीन गुंठे नीट केले तर घर खाऊन शेजारी वाटायला उरतं. (४० गुंठ्यांचा एकर, गुंठा म्हणजे साधारण १०१ चौरस मीटर.) जमीन लागते ती भाताला. आपल्याकडे चार जणांच्या घराला दोन वेळचा भात, भाकरी, घावणे धरून वर्षाला ४०० किलो तांदूळ सहज लागतो. चांगल्या मळ्यात गुंठ्याला ४० किलो भात येतं, गिरणीवर भरडून त्याचे २६ किलोच्या आसपास तांदूळ, म्हणजे १५-१६ गुंठे झाले. पण भरड जमीन असेल, वेळेवर लावणी झाली नाही, रानडुकरं आली, तर गुंठ्याला २५ किलोसुद्धा जड जातं आणि मग २५ गुंठे धरावे लागतात. भात कापल्यावर जमिनीत ओल असते तिच्यावर कुळीथ, चवळी, वाल येतात, त्याला वेगळी जमीन नको. तेल, साखर, चहा, मीठ विकतच आणावं लागतं, त्याचं वाईट वाटून घेऊ नका.

३. माझ्या नावावर सातबारा नाही. शेतजमीन विकत घेता येईल का?

महाराष्ट्रात शेतकरी नसलेल्या माणसाला परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही, १९४८ च्या कूळ कायद्याचं कलम ६३ त्यासाठीच आहे. पण बहुतेक चाकरमान्यांच्या घरी आजोबांच्या नावाचा सातबारा असतोच, फक्त वारस नोंद झालेली नसते. आधी तलाठ्याकडे जाऊन ते बघा. आणि भाजी-कोंबड्यांसाठी शेतजमीन लागतच नाही, घरामागचं परडं पुरतं.

४. पावसाळ्यात परड्यात काय काय लावायचं?

पडवळ, दोडकी, काकडी, कारली मृगाचा पाऊस पडला की टोकायची, आणि मांडव त्याच्या आधी उभा पाहिजे. सगळे हेच चुकतात. वेल हातभर झाला की मग बांबू शोधायला जातात, तोवर तो जमिनीवर पसरून कुजायला लागतो. सुरण मे महिन्यात खड्ड्यात शेणखत घालून लावायचा, तो दिवाळीनंतर पानं पिवळी पडली की निघतो. अळू न्हाणीच्या पाण्यावर. भेंडी उतारावर, पाणी निघून जाईल अशा जागी.

मिरची, वांगी, टोमॅटो भर पावसात लावू नका, कुजतात. ती पाऊस गेल्यावर, लाल माठ आणि मुळ्याबरोबर. इथली बायामाणसं हेच करत आलीत आणि त्यांचं बघून शिकलात तर निम्मी पुस्तकं वाचायची गरज नाही.

५. बी दुकानातून आणू की घरचं ठेवू?

पहिल्या वर्षी शेजारच्या आजींकडे मागा, दुकान नंतर. हायब्रीडचं बी ठेवून उपयोग नसतो, पुढच्या वर्षी फळ एकसारखं येत नाही. गावठी बी ठेवायचं तर सगळ्यात चांगलं फळ पहिल्यांदाच बाजूला सोडायचं, सगळं खाऊन शेवटी उरलेलं वाकडंतिकडं फळ बियाण्याला ठेवलं तर पुढच्या वर्षी तसंच येणार. पूर्ण पिकू द्या, बी सावलीत वाळवा, चाळलेली राख लावून बरणीत भरा. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरेंनी हेच काम करून गावठी वाणांची बियाणे बँक उभी केली, २०२० च्या पद्म पुरस्कारांत त्यांचं नाव होतं. मला त्यांच्या कामात सगळ्यात पटलं ते हे की बी वाटल्यानेच टिकतं. माझं पडवळीचं बी एका वर्षी भुंग्यांनी खाल्लं तेव्हा मी ज्या काकींना दिलं होतं त्यांनीच मला परत दिलं.

६. घरच्या बियाण्याचा दुधी कडू निघाला. साखर-गूळ घालून भाजी केली तर चालेल का?

नाही. टाकून द्या, गुरांनाही घालू नका. दुधी, काकडी, दोडकी, भोपळा या कुळात एक कडू द्रव्य असतं, रानटी वेलाशी परागीकरण झालं किंवा झाडाला ताण बसला की ते वाढतं, आणि शिजवून ते जात नाही. कडू दुधीच्या रसाने आपल्या देशात माणसं मेलीयत. उलट्या, जुलाब, रक्त पडणं, बीपी खाली येणं, हे तासाभरातसुद्धा सुरू होतं. सवय लावून घ्या, चिरताना एक कच्चा तुकडा जिभेवर ठेवायचा आणि कडू लागला तर थुंकायचा. त्या वेलाचं बीही ठेवायचं नाही.

७. कोंबड्या किती आणि कुठल्या? गावठी की गिरिराज, वनराज?

घरापुरत्या असतील तर पाच कोंबड्या आणि एक कोंबडा. गावठी वर्षाला ६०-७० अंडी देते, गिरिराज, वनराज त्याच्या दुप्पट देतात. मग गावठी कशाला, असं सगळे विचारतात. कारण गावठी खुडूक बसते (अंडी उबवायला बसते), पिल्लं स्वतः सांभाळते, घारीची सावली पडली की ओरडते आणि झाडावर चढते. सुधारित कोंबड्या सहसा रवणीला बसत नाहीत, म्हणजे पिल्लं प्रत्येक वेळी विकत. आमच्याकडे दोन्ही आहेत, अंडी वनराजची आणि उबवायला गावठी. पण पहिलं वर्ष फक्त गावठीच ठेवा.

८. कोंबडी खुडूक बसलीय, पुढे काय करायचं?

टोपलीत भाताचा पेंढा घालून अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवा, खाली १० ते १२ अंडी, आठवड्यापेक्षा जुनी नकोत, धुवू नका. रोज एकदा ती उतरते, खाते, हगते आणि परत बसते, तेव्हा मध्येमध्ये बघायला जाऊ नका. सातव्या रात्री अंधारात अंड्यामागे टॉर्च धरला की लाल शिरा दिसतात त्या अंड्यात पिल्लू आहे, नुसतं पिवळं दिसलं तर काढून टाका. २१ दिवसांनी फुटतात. पहिले काही दिवस बारीक कणी आणि स्वच्छ पाणी, पाण्याचं भांडं उथळ असू दे नाहीतर पिल्लं बुडतात (बुडालीयत). वाळवी मिळाली तर पिल्लं दुप्पट वेगाने वाढल्यासारखी वाटतात. मडक्यात शेण-पेंढा घालून ओल्या जागी पालथं ठेवलं की दोन दिवसांत वाळवी लागते, ही गावची जुनी युक्ती.

९. चार दिवसांत निम्म्या कोंबड्या मेल्या, माना वाकड्या झाल्या होत्या, हिरवी हगवण. काय झालं असेल?

बहुतेक मानमोडी, म्हणजे राणीखेत. औषध नाही, फक्त लस आहे. पाचव्या ते सातव्या दिवशी लासोटा, नाकात किंवा डोळ्यात थेंब, आणि दोन महिन्यांच्या झाल्या की आर-टू-बीचं इंजेक्शन. लस बर्फातच आणायची, उन्हात डब्यात ठेवून आणली तर ते पाणी टोचल्यासारखंच आहे. लस १०० पक्ष्यांच्या बाटलीत येते, म्हणून वाडीतल्या सगळ्यांनी एकाच दिवशी टोचून घ्यायचं, नाहीतर एकाच्या घरून दुसऱ्याच्या घरी रोग फिरतच राहतो.

मेलेल्या कोंबड्या खाऊ नका, व्हाळात (ओढ्यात) फेकू नका, खोल खड्डा काढून चुना टाकून पुरा. आणि एकदम खूप मेल्या तर पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवाच, कारण बर्ड फ्लूही असाच दिसतो. २००६ मध्ये नवापूरला आला तेव्हा लाखो कोंबड्या माराव्या लागल्या होत्या. कळवायला लाज वाटून घेऊ नका.

१०. मुंगूस आणि रानमांजर कोंबड्या नेतात. सापळा लावू का?

नको, दोन्ही संरक्षित आहेत (का ते प्रश्न १५ मध्ये). खुराडं जमिनीपासून दोन-अडीच फूट वर घ्या, जाळी बारीक लावा, कोंबड्यांची मोठी जाळी मुंगसाला अडवत नाही. तळाला चिऱ्याचा (जांभ्या दगडाचा) थर द्या म्हणजे उकरता येत नाही. आणि संध्याकाळी दिवे लागायच्या आधी डाला. आमच्या गेल्या दोन वर्षांतल्या सगळ्या कोंबड्या ज्या दिवशी डालायला उशीर झाला त्याच दिवशी गेल्या. बिबट्याने शेळी किंवा वासरू मारलं तर मेलेलं जनावर हलवू नका, लगेच वनखात्याला कळवा, पंचनामा झाला तरच भरपाई मिळते.

११. शेळी पाळावी का?

रोज चारायला माणूस असेल तरच. कोकण कन्याळ ही सिंधुदुर्गातलीच जात, आपला पाऊस सोसते, बाहेरच्या देखण्या जाती इथल्या ओलीत खोकत बसतात. जमिनीपासून उंच लाकडी माचाचा गोठा करा. गाभण १५० दिवस. पावसाआधी आंत्रविषाराची लस चुकवू नका, कोवळा चारा अधाशासारखा खाऊन शेळ्या एका रात्रीत मरतात.

१२. रानभाज्या कुठल्यापासून शिकू? चुकून विषारी खाल्ली तर?

टाकळ्यापासून. जूनमध्ये रस्त्याच्या कडेला सगळीकडे येतो, कोवळा असतानाच, चार-पाच पानांचा झाला की खुडायचा. मग भारंगी, कुर्डू, फोडशी (मधला कडक दोर काढायचा), श्रावणात कर्टुली. एका वर्षात चारच शिका, पण प्रत्येक भाजी कोंब, पान, फूल, फळ अशा सगळ्या अवस्थांत बघा, कारण भाजी खातो तेव्हा झाडाला फूल नसतं आणि ओळख मात्र फुलावरून पटते. फोटोवरून ओळखून कधीही खाऊ नका, मला रोज दोन-तीन फोटो येतात आणि मी प्रत्येकाला हेच सांगतो की तुमच्या वाडीतल्या माणसाला प्रत्यक्ष दाखवा.

शेवळं वेगळं प्रकरण आहे. चव अशी की लोक वर्षभर वाट बघतात, पण घशाला भयंकर खाजतं, म्हणून त्यात काकड नावाच्या झाडाची फळं किंवा चिंच भरपूर घालतात. तेच अळूचं आणि सुरणाचं. बांबूचे कोंब चिरून पाण्यात ठेवून, पाणी बदलून, उकळून पाणी टाकून मगच खायचे, कच्च्या कोंबात सायनाईड तयार करणारं द्रव्य असतं.

कंद खणताना जास्त सांभाळा. कळलावीचं फूल आगीसारखं सुंदर असतं पण कंद जीव घेतो, आणि उन्हाळ्यात वर वेल सुकलेला असतो तेव्हा खाली कुठला कंद आहे ते कळत नाही. कणगर, करांदे स्वतः लावलेलेच खा. कोणाला त्रास झालाच तर भाजीचा उरलेला तुकडा बरोबर घेऊन सरळ दवाखाना.

१३. अळंबी ओळखायची खात्रीची खूण कुठली?

एकच खूण अशी नाही. चांदीचं नाणं काळं पडतं, कीड लागलेली असली की चालते, हे सगळं खोटं आहे, विषारी अळंब्यांनाही किडे लागतात. श्रावणात वारुळावर येणारी अळंबी आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या खातात, ती ज्यांना माहितीय त्यांच्याबरोबर त्याच जागी जा. ती जागा ते लगेच दाखवणार नाहीत, त्यांचं बरोबर आहे. अंगणात, शेणावर, कुजक्या लाकडावर आलेली अनोळखी छत्री तोंडात घालू नका.

१४. चढणीचे मासे आणि कुर्ल्या (खेकडे) पकडणं कायदेशीर आहे का? कसं पकडायचं?

पहिल्या जोराच्या पावसात व्हाळाला लाल पाणी येतं आणि मासे अंडी घालायला उलट्या प्रवाहाने शेतात चढतात, हेच चढणीचे मासे, रायगड-ठाण्याकडे वलगण म्हणतात. गरी (गळ), पाग (फेकायचं जाळं), बांबूची खोईन (प्रवाहात लावायचा सापळा) यांनी घरापुरते मासे धरणं गावात चालत आलंय, तलाव ठेक्याने दिलेला असेल तर मात्र तिथे हात घालायचा नाही. ब्लीचिंग पावडर, झाडपाल्याचं विष किंवा सुरुंग वापरणं हा १८९७ च्या मत्स्य कायद्यापासूनचा गुन्हा आहे, आणि बॅटरीचा करंट सोडणारे तर दरवर्षी स्वतःच मरतात. एकदा ब्लीचिंग टाकलेल्या कोंडीत पुढची दोन वर्षं मला झिंगासुद्धा दिसला नव्हता.

आता माझं मत. चढणीचा मासा पोटात अंडी घेऊन चाललेला असतो. आजोबांच्या काळात दहा घरं खोईन लावायची, आता शंभर मोबाईलच्या टॉर्च असतात. आम्ही पहिली चढण सोडून देतो, खोईन पूर्ण व्हाळ अडवून लावत नाही, अर्धं पाणी मोकळं ठेवतो. मरळीच्या लालसर पिल्लांचा थवा पाण्यावर दिसला तर खाली आईबाप राखणीला असतात, ती जोडी धरली की पिल्लांना बाकीचे मासे खाऊन टाकतात.

कुर्ल्यांचंही तसंच, रात्री टॉर्च घेऊन सड्यावर (खडकाळ पठारावर) गेलं की सापडतात. पोटाखालची झडप रुंद असेल तर मादी, झडपेत अंडी किंवा पिल्लं असतील तर परत सोडा. नांगी मोडून बाकीची सोडायची पद्धत काहींची आहे, मला ती आवडत नाही. आणि पायात गमबूट पाहिजेतच, सड्यावर फुरसं असतं आणि ते दगडाच्याच रंगाचं असतं.

शेततळ्यात मासे सोडणार असाल तर कटला, रोहू, मृगळ. थाई मांगूर कोणी स्वस्तात देत असेल तरी घेऊ नका, त्यावर बंदी आहे आणि पुरात सुटला तर व्हाळातलं सगळं संपवतो.

१५. आमचे आजोबा शिकार करायचे. ससा, रानकोंबडा घरी खाण्यापुरता मारला तर काय होतं?

गुन्हा होतो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम ९ ने शिकार बंद आहे, घरी खाण्यासाठी, परंपरेसाठी, सणासाठी अशी कुठलीही सूट त्यात नाही. आणि शिकार म्हणजे फक्त बंदूक नव्हे, फासकी लावणं, जाळं टाकणं, अंडी काढणंही त्यातच येतं, म्हणून रानकोंबडीची अंडी आणून घरच्या कोंबडीखाली ठेवणंही चालत नाही. २०२२ च्या दुरुस्तीनंतर (लागू १ एप्रिल २०२३) पहिल्या अनुसूचीतल्या प्राण्यासाठी ३ ते ७ वर्षं कैद आणि किमान २५,००० रुपये दंड आहे. मोर, घोरपड, खवले मांजर, गवा सगळे त्यात. एअरगनला लायसन लागत नाही म्हणून होले-पारवे मारणारी मुलं असतात, बंदुकीला लायसन नाही म्हणून पक्ष्याला परवानगी मिळत नाही, हे त्यांना घरच्यांनीच सांगावं.

माझे आजोबा ठासणीची बंदूक घेऊन जायचे आणि ते खोटारडे किंवा क्रूर नव्हते. त्यांच्या वेळी सड्यावर सशांची कमी नव्हती आणि घरात मटण वर्षातून चारदा. आज मी त्याच सड्यावर रात्री कुर्ल्यांना जातो तेव्हा एखादा ससा दिसला तर घरी येऊन सांगतो, एवढे ते कमी झालेत. डुकरासाठी लावलेल्या फासकीत बिबट्या अडकून मेलेला मी पाहिलाय, तारेने पोट कापलं गेलं होतं. तेव्हापासून फासकी दिसली की मी काढून टाकतो, कोणाची आहे ते विचारत नाही.

१६. रानडुक्कर, वानर सगळं खाऊन टाकतात. मग आम्ही काय करायचं?

तक्रार शंभर टक्के खरी आहे. नुकसान झालं की फोटो काढून वनखात्याकडे लगेच अर्ज, पंचनामा, भरपाई. मिळते ती नुकसानीच्या मानाने कमी असते, तरी अर्ज करा, कारण अर्ज नसले की कागदावर नुकसानच नसतं. शेतीसंरक्षणासाठी बंदुकीचा परवाना असला तरी त्याने डुक्कर मारायची मुभा आपोआप मिळत नाही, वनखात्याची परवानगी वेगळी घ्यावी लागते, आणि मारलेलं जनावर सरकारचं असतं. कुंपणात घरातला करंट सोडू नका, यात शेजारी मेल्याच्या बातम्या दरवर्षी असतात. सौर कुंपण झटका देतं पण मारत नाही, ते चालतं.

डुकरं हळदीकडे कमी वळतात, सुरणालाही खाजेमुळे बरंच टाळतात. म्हणून कडेला हळद आणि आत रताळी असं मी लावतो. वानरांवर मला अजून उपाय सापडलेला नाही, कुत्रा आणि माणूस सोडून.

१७. कोणी डुकराचं मटण आणून दिलं तर घ्यावं का?

नाही. रानडुकराचं मटण जवळ ठेवणंही गुन्हा आहे, आणि नीट शिजलं नाही तर कृमी होतात. आणणारा बहुतेक वेळा शेजारी किंवा नात्यातलाच असतो, म्हणून नाही म्हणणं जड जातं. मी "आमच्याकडे कोणी खात नाही" एवढंच सांगतो.

जंगलाशी संबंधित आणखी एक. दोडामार्ग भागात २०१६ पासून माकडताप आहे, गोचिडीतून पसरतो, साधारण डिसेंबर ते मे. मेलेलं माकड दिसलं तर हात न लावता आरोग्य केंद्रात कळवा, काजूत किंवा रानात जाऊन आलात की कपडे गरम पाण्यात टाकून अंग तपासा.

१८. आम्ही फक्त वीकेंडला गावी असतो. तरी काही जमेल का?

जमेल, पण जनावर नको, एक कोंबडीसुद्धा नको, शेजाऱ्याच्या जिवावर तर अजिबात नको. माणसाची रोज वाट न बघणारं लावा. शेवगा, कढीपत्ता, केळ, पपई, लिंबू, अननस बांधाला, हळद, आलं, सुरण, कणगर, करांदे जमिनीत. कंद लावले की पावसात दोनदा बेणणी (तण काढणं), एकदा मातीची भर आणि मग दिवाळीनंतर काढणी, मधले महिने ते आपले आपण वाढतात. शेवग्याची मनगटाएवढी जाड फांदी मेच्या शेवटी जिथे पाणी साचत नाही तिथे लावा आणि वरच्या टोकाला शेण थापा, नाहीतर पावसाचं पाणी आत शिरून कुजते.